मुक्याची संमती

‘मुतखडा’ हा शब्द चारचौघांत उच्चारताना सभ्य मराठी माणूस अजूनही अडखळतो. ‘अश्मरी’ म्हटले की तोच खडा शास्त्रात जाऊन बसतो. घोड्याला दोन्ही शब्द सारखेच परके.

घोड्याच्या मूत्रात कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक निरोगी अवस्थेतही असतात, म्हणून ते गढूळ दिसते. कधी त्यांचाच मूत्राशयात खडा बनतो. घोडीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद, त्यामुळे तिचे बहुधा निभावते. अडकतात ते नर आणि खच्ची केलेले घोडे. पाय ताणून वारंवार उभे राहणे, थेंबथेंब मूत्र, धावून आल्यावर त्यात रक्त. इतकीच त्याची भाषा. बाकीचे आपण वाचायचे.

जुन्या पद्धतीत पूर्ण भूल देऊन, घोड्याला उताणे करून पोट उघडतात. पण घोड्याच्या बाबतीत भूल हाच मोठा धोका. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत पाहणीत, पोटशूळाचे रुग्ण वगळूनही, भूल दिलेल्या घोड्यांपैकी 0.9 टक्के सात दिवसांत दगावले होते. शुद्धीवर येताना हे भेदरट जनावर उठू पाहते आणि कधी पाय मोडून घेते. म्हणून आता शक्य तेथे शामक औषध आणि कण्याजवळ टोचून आणलेली बधिरता यांवर काम भागवतात. घोडा उभाच असतो. गुदद्वाराखाली मूत्रमार्गाला लहानशी चीर देऊन दुर्बीण आत नेतात आणि लेसरने खडा फोडून तुकडे काढतात.

सुश्रुताच्या चिकित्सास्थानातील सातव्या अध्यायात माणसासाठी सांगितलेला छेद जवळपास त्याच जागेचा आहे : शिवणीच्या डावीकडे, जवाएवढे अंतर सोडून. मात्र मला थांबवते ती त्याआधीची अट. शस्त्र न चालवावे तर मृत्यू निश्चित, चालवावे तर संशय. म्हणून वैद्याने आधी ‘ईश्वरा’ची, म्हणजे स्वामीची, अनुज्ञा घ्यावी. ज्याचे शरीर आहे त्याच्या अनुज्ञेचा उल्लेख येथे नाही. रोजनिशीकार सॅम्युअल पेपीज याने 26 मार्च 1658 रोजी भुलेविना हीच शस्त्रक्रिया सोसली, खडा जपून ठेवला आणि पुढे तो दिवस मेजवानी देऊन साजरा केला. त्याला होकार देता आला, नंतर सांगताही आले.

पक्षाघाताने अण्णांची वाचा गेल्यावर त्यांच्या मूत्राशयात खडा निघाला, तेव्हा संमतीपत्रावर सही माझी होती. ‘दुखतंय का?’ हा प्रश्न डॉक्टर त्यांच्याकडे पाहून विचारीत आणि उत्तर मी देई. कपाळावरच्या आठीवरून, मुठीवरून. खडा निघाला, चेहरा निवळला. पण त्या सहीला त्यांचा होकार होता की केवळ नाइलाज, हे मला कधीच कळू शकले नाही.

वर्गात आपण ‘मुक्यांना वाचा देणारे साहित्य’ असे सहज म्हणून जातो. ती वाचा वस्तुतः आपलीच असते, आणि सहीदेखील. ते टाळता येत नाही. घोड्याचा खडा त्याला विचारून काढता येणार नाही म्हणून तो तसाच ठेवणे ही काही करुणा नव्हे. पण दुसऱ्याच्या वेदनेत शिरताना छेद किती मोठा घ्यावा आणि त्याला स्वतःच्या पायांवर उभे राहू द्यावे की आडवे पाडावे, एवढे आपल्या हाती असते. परदुःखाची कथा वाचताना हल्ली मी आधी हेच पाहतो.