वाटीखालचा रंग

बेळगावहून चोर्ला घाट उतरून गोव्यात शिरताना पावसाळ्यात समोरचं काही दिसत नाही. नुसतं धुकं आणि पाण्याचा आवाज. गेल्या श्रावणात मी आणि माझी लेक वाळपईजवळ राहणाऱ्या मावशीकडे निघालो होतो. घाट संपला आणि रस्त्याच्या कडेला दोन बायका अळंबी घेऊन बसलेल्या दिसल्या. मातकट, टोकदार टोप्या आणि हे लांब दांडे! इथे अळंबीला 'अळमी' म्हणतात आणि वारुळावर उगवणाऱ्यांना 'रोयण अळमी'. श्रावणात ज्या घरात मासळी शिजत नाही, तिथे अळम्यांची शागोती म्हणजे सणच. नगावर मोजून आम्हीही घेतली.

ही अळंबी माणूस पिकवत नाही, वाळवी पिकवते. वारुळाच्या पोटात ती या बुरशीची शेती करते आणि पावसाला जोर आला की बुरशीच्या छत्र्या माती फोडून वर येतात. शास्त्रात या कुळाला 'टर्मिटोमायसिस' म्हणतात. बाजारातल्या बटण मश्रूमसारखी त्यांची सहज लागवड करता येत नाही. म्हणून तर त्यांना एवढा भाव!

मावशीने वाटप वाटायला घेतलं, तेवढ्यात लेक ओढणीची झोळी करून धावत आली. शेजारच्या बंगल्याच्या हिरवळीवर तिला पांढऱ्या छत्र्या सापडल्या होत्या. "आई, फुकटात मिळाली! अगदी तशीच आहेत."

मावशीने वळून एकदाच पाहिलं. "ती बाहेरच ठेव गो बाय. ती आमची नव्हेत."

"कशावरून, आजी? दिसायला तर सारखीच आहेत."

"रोयण कुठे होती तिथे?" एवढंच विचारून मावशी पुन्हा वाटपाकडे वळली. लेकीचं समाधान झालं नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षातली मुलगी ती, तिला पुरावा हवा होता. वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे मला एक सोपा प्रयोग आठवला, बीजाणूंचा ठसा.

प्रयोग अगदी घरगुती. पूर्ण उमललेली छत्री घ्यायची, दांडा टोपीलगत कापायचा. अर्धा पांढरा, अर्धा काळा असा कागद जोडून त्यावर छत्रीची पट्ट्यांची बाजू खाली करून ठेवायची. काळा कागद अशासाठी, की पांढरे बीजाणू पांढऱ्यावर दिसत नाहीत. छत्रीवर पाण्याचा एक थेंब टाकायचा, वर वाटी पालथी घालायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. बीजाणू इतके बारीक, की सुटा एखादा डोळ्यांना दिसत नाही. पण रात्रीतून लक्षावधी गळले की रांगोळीसारखं चक्र उमटतं. स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी १८२१ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बीजाणूंच्या रंगावरून छत्र्यांची वर्गवारी केली. आजही ओळख पटवताना हा रंग पाहतात.

सकाळी लेकीनेच वाट्या उचलल्या. विकत घेतलेल्या अळमीखाली फिकट गुलाबी चक्र होतं. हिरवळीवरच्या छत्रीखाली मात्र वाळलेल्या मेंदीसारखा मळकट हिरवा रंग! क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस नावाच्या विषारी छत्रीची ही खूण. कोवळेपणी तिच्या पट्ट्या पांढऱ्याच असतात, म्हणून लोक फसतात. खाल्ली तर काही तासांतच उलट्या-जुलाबांनी माणूस हैराण होतो.

लेक आनंदाने म्हणाली, "म्हणजे गुलाबी आला की खुशाल खायचं!"

माझ्या काळजात चर्र झालं. कारण हीच समजूत जीव घेते. एन्टोलोमा कुळाचा ठसाही गुलाबी येतो आणि त्यात विषारी जाती आहेत. सगळ्यांत घातक अमानिटा फॅलॉइडिसचा ठसा पांढरा, आणि आपण निर्धास्तपणे खातो त्या धिंगरीचाही बहुधा पांढराच. अमानिटाचं विष शिजवूनही जात नाही. त्रास सहा-बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतो. मध्येच बरं वाटतं आणि तोवर यकृत निकामी होऊ लागलेलं असतं. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन १३ जण दगावले. चांदीचा चमचा काळा पडतो का, किड्यांनी कुरतडलंय का, या परीक्षाही साफ खोट्या आहेत. रंग चुकला तर छत्री टाकून द्यावी. रंग जुळला, तर मात्र तेवढ्यावर ती खाण्याजोगी ठरत नाही.

"मग आजीने न बघताच कसं ओळखलं?"

मावशी हसली. "न बघता कसं? वारूळ बघितलं नाही, तिथेच संपलं." मग ती आम्हाला घरामागच्या वारुळापाशी घेऊन गेली. दांडा खाली मुळासारखा निमुळता होत वारुळात कसा जातो, टोपीचं टोक कसं असतं, वास कसा येतो, कुठल्या पावसानंतर उगवतात, हे सगळं तिने दाखवलं. लग्न होऊन आल्यापासून सासूबरोबर बघून बघून शिकलेलं. अनोळखी वारुळावरचं ती अजूनही घेत नाही. ओळखीच्या वारुळावरच्याही पूर्ण उमललेल्या छत्र्या तशाच राहू देते. "सगळीच ओरबाडली तर पुढच्या श्रावणात काय खाशील?" ती म्हणाली.

हिरवळीवरच्या छत्र्या खड्ड्यात पुरल्या, ओढणी धुतली, हात साबणाने चोळले. वाचकहो, तुम्हीही बाजारातली धिंगरी आणून काळ्या कागदावर ठसा जरूर घ्या. मुलं हरखून जातील. पण रानातली छत्री मात्र जाणत्याने हातात घेऊन ओळखल्याशिवाय चुलीवर चढवू नका.

परतताना लेकीने दोन्ही ठसे वहीत जपून ठेवले. हिरव्याखाली लिहिलं, 'खाऊ नये.' गुलाबीखाली 'खावे' असं लिहून तिने ते खोडलं आणि नव्याने लिहिलं, 'वाळपई, श्रावण, वारुळावरची. आजीने ओळखलेली.'