बॅटरी सीटखाली असते

पोर्शे ९११ आणि टाटा नॅनो यांच्यात एक साम्य आहे. दोघींचंही इंजिन मागे असतं. मालेगावात हे कुणाला सांगितलं की आधी लोक हसतात, मग नॅनोचं बॉनेट उघडून बघतात. आत स्टेपनी असते. ६२४ सीसीचं, दोन सिलिंडरचं इंजिन मागच्या सीटपाशी असतं. आणि बॅटरी? ती ड्रायव्हरच्या सीटखाली.

स्पोर्ट्स कारवाल्यांना यात काही नवल वाटणार नाही. १९६८ ते १९८२ या काळातल्या कॉर्व्हेटमध्ये बॅटरी सीटच्या मागे असायची. ब्रिटिश एमजीबीमध्ये कित्येक वर्षं सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागच्या झाकणाखाली होत्या. माझदाच्या पहिल्या मियाटात ती डिकीत गेली. बॅटरी म्हणजे शिशाचा ठोकळा. त्याचं वजन कुठे ठेवायचं याचा हिशोब वळणावरची गाडी कशी वागेल यासाठी करतात, पुढे-मागे ती बदलणाऱ्याच्या हातासाठी नाही.

नॅनोचं कारण वेगळं होतं: जागा. गिरीश वाघ यांच्या टीमने जेमतेम ३.१ मीटर लांबीत चार मोठी माणसं बसवली. २००८ च्या जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती गाडी दिसली तेव्हा सगळे एक लाखाच्या किमतीबद्दल बोलत होते. एवढ्याशा गाडीत उरलेल्या सामानाला जिथे कोपरा मिळेल तिथे बसावं लागतं.

आमची नॅनो आई चालवते. ती दाभाडीच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गाडी घेतली पप्पांनी, २०१३ मध्ये, पण शिकली आई. पप्पा यंत्रमागांचे फिटर होते आणि शेवटपर्यंत सायकलवरच फिरले. गाडीचं काही बिघडलं की मात्र तेच बघायचे. २०२३ मध्ये पप्पा गेले. मी पुण्यात, पाच-सहा तासांवर, लॅपटॉपसमोर. मामा-काका सगळे म्हणतात, गाडी विकून टाक, आईला रिक्षा लावून दे. मलाही अधूनमधून तेच वाटायचं. मागच्या महिन्यात सेल्फ मारल्यावर नुसतं टकटक वाजायला लागलं, तेव्हा सगळ्यांनाच निमित्त मिळालं.

शनिवारी घरी पोचलो. सीटचे बोल्ट काढून सीट अंगणात ठेवली. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, म्हणून दारं सताड उघडी ठेवून रात्रभर चार्जर लावला. सकाळी मीटर लावला तर १०.५ व्होल्ट. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. पूर्ण भरली की १२.६ दिसायला हवेत. म्हणजे बरोब्बर एक सेल मेला होता. अशा बॅटरीला कितीही चार्ज करा, उपयोग नाही. लोकांना वाटतं बॅटरी थंडीत मरते. थंडीत फक्त कळतं. मारतो तो उन्हाळा, आणि मालेगावचा उन्हाळा काय असतो ते वेगळं सांगायला नको.

आई शेजारी बसून बघत होती. बॅटरीवरची धूळ पुसली तर खाली मार्करने लिहिलेलं दिसलं. पप्पांचं अक्षर. "१४/६/२०२१". आणि त्याखाली: "− आधी".

"म्हणजे काय?" आईने विचारलं.

मी सांगितलं. गाडीचं अख्खं लोखंड निगेटिव्हला जोडलेलं असतं. आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेलो आणि पाना सीटच्या पट्टीला टेकला, तर शेकडो अँपिअर करंट त्या पान्यातून जातो. ठिणगी उडते, हात भाजतो. निगेटिव्ह आधी काढला की पाना कुठेही लागू दे, करंटला परतीची वाटच उरत नाही. लावताना उलटं, निगेटिव्ह शेवटी.

"मग हे त्यांनी कुणासाठी लिहिलं? त्यांना तर माहीत होतं."

मागावर काहीच झाकलेलं नसतं. धोटा, पट्टा, मोटर, सगळं उघडं. कुठे अडलं ते उभ्या उभ्या दिसतं. ज्या यंत्रात हात पोचत नाही त्यावर पप्पांचा विश्वास नव्हता. म्हणून जिथे हात पोचायला सीट काढावी लागते, तिथे त्यांनी पुढच्या माणसासाठी दोन शब्द लिहून ठेवले. आम्ही कोडमध्ये कॉमेंट लिहितो ती याचसाठी. कोड लिहिणारा बहुतेक वेळा कंपनी सोडून गेलेला असतो, आणि रात्री तीन वाजता ते उघडणारा कुणी दुसराच असतो.

तोवर मी मनात ठरवत होतो की दर तीन वर्षांनी सुट्टी काढून येईन, बॅटरी बदलून जाईन. त्या दोन शब्दांनंतर ते ठरवणं मला पटेना. जी गाडी फक्त पुण्यातल्या मुलाला उघडता येते, ती आईची कसली?

नवी बॅटरी घेताना दोन गोष्टी पाहिल्या: माप तेच, आणि पॉझिटिव्ह त्याच बाजूला. ती बाजू उलटी आली तर वायर पोचत नाही, किंवा ओढूनताणून भलतीकडे पोचते. जुनी बॅटरी दुकानदाराने ठेवून घेतली आणि तेवढे पैसे कमी केले. शिसं पुन्हा वापरात येतं.

मग मी पाना आईच्या हातात दिला आणि बाजूला झालो. तिला वीस मिनिटं लागली. मला सात लागली असती. मधे दोनदा माझा हात पुढे गेला, दोनदा तिने तो बाजूला केला. पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. टर्मिनल हलवून पाहिलं, हललं नाही. किल्ली फिरवली आणि मागून तो ओळखीचा फटफटाट सुरू झाला. बसवण्याआधीच तिने बॅटरीवर मार्करने तारीख टाकली होती, आणि खाली पप्पांचेच दोन शब्द.

रविवारी रात्रीच्या बसने मी निघालो. सोमवारी सकाळी सव्वासातला मेसेज आला:

"पोचले शाळेत. १० नंबरचा पाना गाडीतच ठेवलाय. तुझ्या बॅगेत शोधू नकोस."