तुळईची गाठ

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या कामांतील लाकडाच्या वापरावर १९९३ साली घातलेली बंदी २०२० साली उठवली. लाकूड कार्बन साठवून ठेवते, म्हणून बांधकामातील त्याच्या पुनरागमनाचे स्वागत होत आहे. ही चर्चा कानी आली की मला मात्र एक तुळई आठवते.

गावच्या घराची मधली तुळई बदलायची होती. आई-बाबा तिच्याखालीच झोपतात. वखारीत तीन मीटर लांबीची सागवानी तुळई पसंत पडली. मी भौतिकशास्त्रात पीएच.डी. केलेली, टोकावर हातोडीचा हलका ठोका दिला आणि मोबाइलवर वारंवारता मोजली : ७५० हर्ट्झ. तिला लांबीच्या दुपटीने गुणले की लाकडातील ध्वनीचा वेग मिळतो, सेकंदाला ४,५०० मीटर. वेगाच्या वर्गाला घनतेने गुणले की ताठरपणा. घनता घनमीटरला ६४० किलो धरून उत्तर आले सुमारे १३ गिगापास्कल. भारतीय मानक ८८३ मध्ये सर्वांत वरच्या गटासाठी १२.६ची अट आहे. मी निश्चिंत झाले.

सुतारकाकांनी तुळईवरून हात फिरवला. म्हणाले, “ताई, आवाज खणखणीत आहे. पण ही गाठ बघा, नेमकी मधोमध आणि पोटाला.”

“उलटी बसवली तर?”

“त्या अंगाला रेषा तिरपी जाते.”

मी मोजून पाहिले. सोळा सेंटिमीटर अंतरात रेषा दोन सेंटिमीटर सरकत होती, म्हणजे आठास एक. उत्कृष्ट प्रतीला वीसास एक आणि दुसऱ्या प्रतीलाही बारास एक एवढाच तिरपेपणा चालतो.

माझी चूक गणितात नव्हती, प्रश्नात होती. ध्वनिलहर संपूर्ण लांबीतून जाते आणि सरासरी सांगते; एका गाठीने तिच्यात फारसा फरक पडत नाही. तुळई मात्र सरासरीवर मोडत नाही. भाराखाली तिची खालची बाजू ताणली जाते. गाठीभोवती तंतू वळसा घेतात, आणि तंतूंना आडव्या दिशेने लाकूड फार थोडा ताण सोसते. भेग तिथूनच सुरू होते.

ती तुळई आम्ही घेतली नाही. दुसरीही मी ठोकून ऐकली. मात्र त्याआधी तिच्या चारही बाजू काकांबरोबर उजेडात पाहिल्या.

विद्यार्थीमित्रांनो, प्रतवारी करणारी यंत्रे अवश्य शिका. त्यांचा आकडा हाती आला की तो नेमका कशाचा आहे, हे आधी विचारा. त्या छताखाली कोणीतरी झोपणार असते.