ल, ळ आणि ८ सेकंद

आमच्या सरांच्या टिपणवह्या गेले काही महिने आम्ही संगणकावर उतरवीत आहोत. सर गेल्यावर त्यांच्या पत्नीने त्या आमच्या स्वाधीन केल्या. शेवटच्या वहीतले अक्षर कंपवाताने इतके विसकटलेले आहे, की तिथे नक्कल करणे म्हणजे निम्मे संपादनच होऊन बसते. एका रविवारी रात्री आम्ही अशाच एका वाक्यापाशी अडखळलो. एका कथेतील आईविषयी सरांनी लिहिले होते, की तिचे ‘मूल’ हरवले आहे. की ‘मूळ’? कथेला दोन्ही वाचने लागू पडत होती.

इन्स्क्रिप्ट कळफलकावर हा निर्णय केवळ एका शिफ्टचा असतो. ज्या कळीवर ल, तिच्यावरच शिफ्टसह ळ. आमचे बोट शिफ्टवर गेले, तिथेच थांबले आणि आम्ही वहीत डोके घालून बसलो. पडद्यावर कसलीशी इंग्रजी सूचना झळकली. ती आम्ही न वाचताच माउसने मिटवली. त्यानंतर कळफलक मुका झाला.

मग यथासांग उपचार झाले. केबल काढून दुसऱ्या यूएसबी खाचेत बसवली. कळफलक उलटा करून झटकला. त्यातून चकलीचा तुकडा निघाला, निदान नाही. नमलॉकचा दिवाही कळ दाबून बदलेना, तेव्हा यंत्रच गेले असे आम्ही ठरवून टाकले.

सोमवारी एका माजी विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, नवा घेऊ नका. बिघाड कळफलकात आहे की डेस्कटॉपमध्ये, ते आधी पाहू.” त्याने संगणक पुन्हा सुरू करायला लावला. ग्रबच्या यादीत बाणांच्या कळा चालल्या. प्रवेशाच्या पडद्याने पासवर्ड निमूट स्वीकारला. तिथूनच कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबून काळा अक्षरपडदा उघडला, तर तिथेही अक्षरे धडाधड उमटली. आमच्या स्वतःच्या डेस्कटॉपवर परतताच पुन्हा शांतता! म्हणजे वस्तू निर्दोष होती आणि दोष आमच्या खात्याच्या मांडणीत होता. पाठचिकित्सेत पाठभेदाचा उगम शोधताना आम्ही दुसरे काय करतो?

“आता एकच कळ दाबून धरा,” तो म्हणाला. आम्ही धरली. बऱ्याच वेळाने एक अक्षर आले.

स्लो कीज नावाची ती सोय होती. शिफ्ट ८ सेकंद दाबून धरली की ती सुरू होते, अर्थात कळफलकावरून अशा सोयी सुरू करण्याची मुभा मांडणीत दिलेली असेल तर. आमच्याकडे ती होती. मग ओझरता स्पर्श जमेस धरला जात नाही. कळ ठरावीक वेळ दाबून धरली, तरच ती मोजली जाते. नमलॉकचा दिवा का बदलला नाही, हेही उलगडले. न वाचलेल्या त्या सूचनेत बहुधा हेच लिहिले असणार. विद्यार्थ्यांना सावकाश वाचा म्हणून बजावणाऱ्यांची ही गत!

ॲक्सेसिबिलिटीच्या पानावर जाऊन माउसने ती सोय बंद केली. ती कोणासाठी आहे, हे त्या फोनवर सहज विचारले. “हात थरथरतो त्यांच्यासाठी, मॅडम. भलत्याच कळीला बोट लागलं, तरी अक्षर उमटत नाही.”

सरांच्या घरच्या संगणकावर लिनक्स आम्हीच बसवून दिले होते. पुढे त्यांनी टंकन सोडले. “बोटं शेजारच्या अक्षरावर पडतात हो,” असे म्हणाले आणि पुन्हा वहीकडे वळले. आम्ही तेव्हा वयाचे काहीतरी बोललो होतो.

त्या वाक्यात सध्या ‘मूल’ ठेवले आहे. ‘मूळ’ तळटीपेत आहे.