स्वतःची चूल, समोर समुद्र

सहलीला जाताना आपण आधी ठिकाण निवडतो. घरात दीर्घ आजाराचे माणूस असेल तर मात्र, वाचकहो, आधी स्वयंपाकघर निवडावे, असे मी अनुभवाने सांगते.

माझ्या यजमानांना कंपवाताचा विकार जडून सात वर्षे झाली. हात थरथरतो, पाय अडखळतात, हे सर्वांना दिसते. परंतु या विकारात माणसाला खरा परका करतो तो चारचौघांतला जेवणाचा प्रसंग. चमचा तोंडाशी येईपर्यंत अर्धा सांडलेला असतो, घास गिळायला वेळ लागतो आणि शेजारच्या टेबलावरची माणसे पाहत राहतात. एका हॉटेलातल्या अशा जेवणानंतर ह्यांनी प्रवासाचे नाव टाकले. ‘तुम्ही जाऊन या, मी घरी बरा आहे,’ हे वाक्य आमच्याकडे दोन वर्षे ऐकू येत होते. ज्यांनी ते ऐकले आहे, त्यांना त्याचे वजन वेगळे सांगायला नको.

गेल्या जानेवारीत मुलाने दापोली तालुक्यात आंजर्ल्याजवळ डोंगरउतारावरचे एक लहानसे घर चार दिवसांसाठी घेतले. जांभ्या दगडाच्या भिंती, दोन खोल्या, एक ओटा, गॅसची शेगडी आणि मोजकी भांडी. भोवती ऐन, किंजळ आणि काजूचे रान. आंब्याला नुकता मोहोर आलेला. पडवीत बसले की झाडांच्या शेंड्यांवरून समुद्र दिसे आणि हर्णैच्या बाजूला पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग. वाढायला कोणी नव्हते, आणि पाहायलाही कोणी नव्हते. हीच त्या घराची मोठी सोय ठरली.

स्वतःच्या चुलीचा लाभ केवळ एकांताचा नाही. कंपवातात दिली जाणारी लेवोडोपा ही गोळी प्रथिनयुक्त जेवणाबरोबर घेतली, तर तिचे शोषण मंदावू शकते. म्हणून ती बहुधा जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात. गोळीची वेळ चुकली की शरीर जखडते. हॉटेलात जेवणाची वेळ त्यांची असते; येथे ती आमच्या गोळीची होती. मधुमेहाच्या रुग्णाला हाच लाभ निराळ्या रीतीने मिळतो. इन्सुलिन आणि जेवण यांतले अंतर त्याच्या हाती राहते. रक्तदाबाच्या रुग्णाला मीठ आपल्या हाताने घालता येते.

आम्ही साधेच रांधत होतो. मऊ भात, कुळथाचे पिठले, लाल भोपळ्याची भाजी. दुसऱ्या दिवशी मी भिजवून मोड आणलेले वाल ह्यांच्यापुढे ठेवले. वालाचे बिरडे सोलताना दाणा चिमटीत धरून दाबावा लागतो आणि साल सुटून येते. वाटीभर वाल सोलायला ह्यांना पाऊण तास लागला. घाई कोणालाच नव्हती. मध्ये मुलगा मदतीला बसू लागला, तेव्हा हे म्हणाले, ‘राहू दे रे, हे माझे काम आहे.’ मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण डोळे भरून आले होते. रुग्णाची काळजी घेताना आपण त्याची सारी कामे प्रेमाने काढून घेतो. त्यांतले एखादे परत द्यावे, हे ध्यानात राहत नाही.

किनाऱ्यावर चालायचे असेल, तर तिथी पाहून जा. भरतीच्या वेळेचा कोकणातला जुना ठोकताळा असा की, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी भर दुपारी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी आणि मध्यरात्री असते, तर ओहोटी सकाळ-संध्याकाळी, म्हणजे नेमकी वृद्धांच्या फिरण्याच्या वेळी. ओहोटीची ओली वाळू घट्ट असते, तीवर काठी रुतत नाही. सुक्या भुसभुशीत वाळूत मात्र तोल जातो.

रानातल्या घराची काही पथ्ये आहेत. घर ठरवण्यापूर्वी मालकाला विचारा : कमोड आहे का, न्हाणीघरात धरायला दांडा आहे का, उंबरठा किती उंच, गाडी दारापर्यंत येते का, दूरध्वनीला संपर्क मिळतो का. वीज जाते, म्हणून बॅटरी उशाशी असावी. खाटेपासून न्हाणीघरापर्यंत रात्री मंद दिवा ठेवावा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचा गोंधळ अनोळखी जागी सायंकाळनंतर वाढू शकतो. कोकणात विंचू आणि फुरसे दोन्ही आहेत, तेव्हा पायताण झटकल्यावाचून घालू नये. औषधे दोन दिवसांची अधिक घ्यावीत. दापोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे, तरी रस्ता वळणांचा आहे, हे हिशेबात धरावे. प्रकृती अस्थिर असताना असे धाडस करू नये. आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तहानेची जाणीव वयाबरोबर मंदावते आणि खाऱ्या हवेत घाम बराच जातो, म्हणून पाणी मागण्याची वाट न पाहता ते देत राहावे.

आता एक गोष्ट खास शुश्रूषा करणाऱ्यांसाठी. स्वतः रांधायचे म्हणजे शहरातले स्वयंपाकघर उचलून रानात नेणे नव्हे. तसे केले, तर समुद्र दिसेल तो खिडकीतून, तोही फोडणी देताना. आम्ही रात्रीच्या भाकऱ्या वाडीतल्या एका बाईंकडून घेत होतो, भांडी मुलाकडे होती, आणि सकाळचा एक तास माझा होता. त्या तासात मी काहीही केले नाही. पडवीत बसून राहिले. सात वर्षांत इतके रिकामे बसल्याचे मला आठवत नाही.

विकार आहे तेथेच आहे; चार दिवसांच्या समुद्राने तो हटत नाही, आणि तशी आशा मी तुम्हाला देणार नाही. मात्र परतल्यावर आठवड्याने ह्यांनी आपण होऊन विचारले, ‘पुढची पौर्णिमा कधी गं?’ तुमच्या घरीही असा कोणी ‘मी घरी बरा आहे’ म्हणणारा असेल, तर त्याला आग्रह करू नका. आधी एक लहानसे स्वयंपाकघर शोधा.