आई परत येते तेव्हा

विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटाला उघडतात. त्या आठवड्यात नागपुरातल्या कुठल्याही बालवाडीच्या फाटकाशी रडारडच ऐकू येते. धरमपेठेतल्या अशाच एका फाटकाशी माझा तीन वर्षांचा भाचा आईच्या ओढणीचं टोक मुठीत आवळून उभा होता. वहिनीनं एक बोट सोडवावं, तोवर आधीचं पुन्हा घट्ट.

"खेळात रमला की हळूच निघून जा," एका आजींनी वहिनीला सुचवलं. तिनं तसं केलंही. परिणाम उलटाच झाला. पोरगं घरीही तिची पाठ सोडेना. ती न्हाणीघरात गेली तरी दाराशी बसून राही. लाडावलाय, असं सगळे म्हणत. मला ते पटत नव्हतं. आई न सांगता नाहीशी होते, हे त्याला कळलं होतं. मग तो पहारा देणारच.

आई दूर जाण्याचं भय बाळाला साधारण आठव्या महिन्यापासून वाटू लागतं आणि बहुतेकांचं तिसऱ्या वर्षापर्यंत ओसरतं. नवी जागा, नवी माणसं आली की ते पुन्हा उसळतं. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५४-५५मध्ये युगांडातल्या खेड्यांत आया आणि बाळांचं निरीक्षण केलं. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला त्यांनी वर्षाच्या आसपासची बाळं आईपासून काही मिनिटं दूर ठेवून पाहिली. त्यांना महत्त्वाचं वाटलं ते रडण्यापेक्षा आई परतल्यावरचं वागणं. आईची खात्री असलेली बाळंही रडत. पण ती आली की बिलगत, शांत होत आणि पुन्हा खेळायला लागत. काही बाळं मात्र फारशी रडलीच नाहीत आणि आई आल्यावरही तिच्याकडे वळली नाहीत. फाटकाशी न रडणाऱ्या मुलाचं आपण किती कौतुक करतो!

वहिनी मग सांगून जाऊ लागली. "डबा खाऊन झाला, गाणं झालं, की मी येते." घड्याळ न कळणाऱ्या मुलाला डबा कळतो. एक पापा, टाटा, की ती निघे, रेंगाळत नसे. आणि पाऊस असो की काही, वेळेवर हजर. तो सकाळी रडायचाच. पण सुटल्यावर धावत येऊन तिच्या गुडघ्यांना मिठी मारी आणि लगेच घसरगुंडीकडे पळे. मी ती मिठी बघत असे, आणि तो पळ त्याहून जास्त.

सगळ्यांचंच असं निभत नाही. महिना उलटूनही रोज सकाळी पोट दुखत असेल, आईशिवाय झोपच येत नसेल, तर मुलाला दटावत बसू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.