घरातील इंटरनेटची शेजपाळी

वसतिगृहातील मुलांना इतिहास शिकवताना पाण्याचा प्रश्न आम्ही नेहमी दोन ठिकाणांवरून मांडत आलो. एक महाडचे चवदार तळे, २० मार्च १९२७. दुसरे आपल्याच सांगली जिल्ह्यातील, येरळा नदीवरील बळीराजा धरण. ऐंशीच्या दशकात तांदूळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी ते उभारले आणि भूमिहीन कुटुंबालाही पाण्यात हक्काचा वाटा दिला. हा धडा आम्ही वर्षानुवर्षे शिकवला. पण स्वतःच्या घरात तो विसरलो होतो, हे आम्हाला एका संगणकाने दाखवून दिले.

गोष्ट २०२१ ची. टाळेबंदीमुळे वसतिगृह बंद होते. जत तालुक्यातील आमची एक माजी विद्यार्थिनी माधवनगरात नातेवाइकांकडे राहत होती. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी ती आमच्या घरी आली. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, सारे व्यवस्थित होते. अर्ज भरला, पण कागदपत्रे काही केल्या वर चढेनात. "सर, चाक नुसतं फिरतंय," ती म्हणाली. आम्ही इंटरनेट पुरवणाऱ्याला बोल लावला, पावसाला लावला, शेजारच्या मुलांच्या खेळांनाही लावला. रात्री बारा वाजले. ती काही न बोलता फाइल पिशवीत घालून निघून गेली. पुढे मुदत वाढली आणि अर्ज गेला, हे सुदैव. पण ती रात्र आम्हाला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी कन्येने संगणकातील 'टास्क मॅनेजर' उघडून 'नेटवर्क'चा रकाना दाखवला. कोणता कार्यक्रम किती इंटरनेट ओढतो, हे तेथे दिसते. सर्वांत वर आमचेच नाव निघाले, असे म्हणावे लागेल. शाळेच्या जुन्या स्नेहसंमेलनांची छायाचित्रे स्कॅन करून आम्ही संगणकात साठवली होती आणि ती आपोआप ऑनलाइन साठवणीत चढत होती. त्या मुलीचे कागद ज्या वाटेने जायचे होते, ती वाट आमच्या आठवणींनी अडवली होती.

मग आम्ही या विषयाचा विद्यार्थी होऊन अभ्यास केला. आमची जोडणी तेव्हा जुन्या तांब्याच्या तारेवरची होती. कागदावर वेग ८ मेगाबिट. पण आठ बिटांची एक बाइट होते. म्हणजे सेकंदाला उतरणार फार तर १ मेगाबाइट. वर चढण्याची वाट त्याहूनही पुष्कळ अरुंद. शिवाय उतरणाऱ्या माहितीची पोचही त्याच अरुंद वाटेने परत जाते. ती वाट तुंबली की उतरणेही मंदावते आणि सारे घर म्हणते, नेट गेले.

कालव्यावर हेच घडते. वरच्या अंगाचा शेतकरी बेहिशेबी पाणी घेतो आणि शेपटाकडचा कोरडा राहतो. त्यावर सिंचनाने काढलेला उपाय म्हणजे शेजपाळी, प्रत्येकाची ठरलेली पाळी. आम्ही घरात तीच लावली. छायाचित्रांची साठवण आणि मोठ्या फाइली रात्री अकरानंतर. विंडोजमध्ये जोडणी 'मीटर्ड' ठरवली, त्यामुळे बहुतेक अद्ययावतीकरणे आमच्या सवडीची वाट पाहू लागली. कोणाचा तास किंवा अर्ज असेल, तर दूरदर्शन संचावरील चित्रपट बंद. राउटर लोखंडी कपाटामागे होता. तो घराच्या मध्यभागी उंचावर आणला. संगणक वाय-फायवरून काढून तारेने जोडला. सकाळी आणि रात्री नऊला वेग मोजून वहीत टिपू लागलो. पुरवठादाराकडे तक्रार करायची, तर हाताशी पुरावा हवा. पैसे एका तारेपुरते लागले. पण घर बदलले.

परळच्या चाळीतील बाबासाहेबांचे विद्यार्थिदशेतील दिवस येथे आठवतात. खोली एक, माणसे अनेक. म्हणून ते लवकर झोपत आणि मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास वडील त्यांना अभ्यासाला उठवीत. जागा वाढवता येत नव्हती, तेव्हा रामजी सुभेदारांनी वेळ वाटून दिला. त्या वाटणीत अभ्यास करणाऱ्याची पाळी सुरक्षित होती.

सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका वसतिगृहवासी विद्यार्थिनीच्या याचिकेवर निकाल देताना इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या अधिकाराचा भाग मानली. तो अधिकार न्यायालयातून निघाला, तरी शेवटच्या खोलीपर्यंत पोहोचतो की नाही, हे आपल्या घरातच ठरते.

माजी विद्यार्थ्यांनो, शाळेला संगणक भेट देता, त्याचे मोल आम्ही जाणतो. त्यासोबत एक संध्याकाळही द्या. वसतिगृहातील राउटरजवळ बसा, कोण किती घेते ते मुलांना पाहायला शिकवा आणि त्यांच्याकडूनच पाळीपत्रक करून घ्या. पालकांनो, घरात मूल अर्ज भरत असेल, तेव्हा आपला मोबाइल तेवढा वेळ बाजूला ठेवा. ती जुनी छायाचित्रे चढली, पण रात्री. त्या मुलीच्या मागून.